अर्जुनाची साल आणि अँटिऑक्सिडंट: प्रयोगशाळेतला निकाल तुमच्या हृदयाबद्दल काय सांगतो?

"डॉक्टर, अर्जुनाची साल सुरू केली तर चालेल का?" हा प्रश्न माझ्या दवाखान्यात नेहमी येतो. विचारणारे बहुतेक वेळा हृदयरुग्ण किंवा त्यांच्या घरचे असतात. कुणाची अँजिओप्लास्टी झालेली असते, कुणाचे पंपिंग कमी झालेले असते. हातात चूर्णाचा डबा असतो आणि त्यावर छापलेले असते, "प्रयोगशाळेत सिद्ध अँटिऑक्सिडंट".

त्या वाक्यात खोटे असे काही नसते. अर्जुनाच्या सालीत अँटिऑक्सिडंट द्रव्ये आहेत आणि प्रयोगशाळेत ती चांगली कामगिरी करतात. अडचण पुढे येते. एक साठीतले गृहस्थ, पंपिंग ३५ टक्के, या एका वाक्याच्या भरवशावर लघवीची गोळी आणि हृदयाच्या इतर गोळ्या बंद करून नुसत्या चूर्णावर राहिले. तीन आठवड्यांनी मुलाने त्यांना आणले तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत सुजले होते आणि रात्री उताणे झोपता येत नव्हते. दवाखान्यातून त्यांना थेट रुग्णालयात पाठवावे लागले. चूर्णाने त्यांचे काही बिघडवले नव्हते, गोळ्या थांबल्याने बिघडले.

म्हणून सालीतले द्रव्य वेगळे कसे काढतात, त्याची अँटिऑक्सिडंट चाचणी कशी होते आणि त्या निकालाचा अर्थ किती घ्यायचा, हे इथे जरा सविस्तर सांगतो.

सालीत हे सगळे येते कुठून?

साल म्हणजे झाडाची कातडी. कीड, बुरशी, ऊन, जखम, सगळे आधी तिच्यावर येते. झाडाला पळून जाता येत नाही, म्हणून ते सालीत बचावाची रसायने साठवते. त्यातला मोठा गट टॅनिनचा. साल चावली की तोंड आवळून येते, तो तुरटपणा टॅनिनचा असतो. टॅनिन प्रथिनांना घट्ट धरते. बाभळीच्या सालीने कातडी कमावतात ती याच गुणामुळे.

अर्जुनाच्या सालीत टॅनिन भरपूर असते. त्याशिवाय फ्लॅव्होनॉइड, गॅलिक आणि एलॅजिक आम्ल, आणि ट्रायटर्पिन गटातली अर्जुनोलिक आम्ल, अर्जुनिक आम्ल, अर्जुनजेनिन अशी द्रव्ये असतात. नावांवरूनच कळते की ती या झाडाच्या नावाने ओळखली जातात. अर्जुनोलिक आम्लाच्या रचनेवरचा शोधनिबंध १९५४ सालचा आहे, म्हणजे या झाडावरचे रसायनशास्त्राचे काम नवे नाही. आयुर्वेदात हृद्रोगासाठी अर्जुनाचा वापर तर त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. साल दुधात उकळून केलेला अर्जुन क्षीरपाक आजही वैद्य देतात.

द्रव्य वेगळे कसे काढतात?

सुरुवात ओळख पटवण्यापासून होते, आणि ही पायरी दिसते तेवढी सोपी नाही. अर्जुन आणि ऐन ही एकाच कुळातली झाडे. उभे झाड पाहिले तर फरक कळतो. अर्जुनाची साल फिकट, गुळगुळीत, पापुद्रे सुटणारी, तर ऐनाची साल काळपट आणि मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. पण दोन्हींची पूड केली की डोळ्यांना काहीच कळत नाही. म्हणून चांगल्या संशोधनात वनस्पतितज्ज्ञाकडून नमुना तपासून घेतात आणि त्याचा एक भाग नोंदीसाठी जपून ठेवतात.

मग साल सावलीत वाळवून भरड दळतात. आधी हेक्झेनसारख्या द्रावणाने तिच्यातला मेणचट, तेलकट भाग काढून टाकतात. नंतर मिथेनॉल किंवा इथेनॉलमध्ये अर्क काढतात आणि कमी दाबाखाली द्रावण उडवून देतात. तळाशी तपकिरी, चिकट अर्क उरतो. त्यात शेकडो द्रव्ये एकत्र असतात.

आता वेगळे करण्याचे काम. काचेच्या उभ्या नळीत सिलिका भरतात, वर अर्क घालतात आणि वेगवेगळी द्रावणे सावकाश ओततात. काही द्रव्ये सिलिकेला चिकटून मागे राहतात, काही पटकन खाली उतरतात. शाळेत शाईचा ठिपका टिपकागदावर पसरताना त्याचे रंग सुटे होताना पाहिले असतील, तत्त्व तेच. थोडा थोडा द्रव वेगवेगळ्या नळ्यांत जमा करतात, तपासतात आणि सारख्या नळ्या एकत्र करून पुन्हा तेच करतात. एखादे द्रव्य शुद्ध मिळाले की एनएमआर आणि मास स्पेक्ट्रोमेट्री या यंत्रांनी त्याच्या रेणूची रचना ठरवतात. या कामात महिने जातात आणि किलोभर सालीतून हाती लागते ते पुष्कळदा चिमूटभर असते.

जांभळ्याचे पिवळे: डीपीपीएच चाचणी

"अँटिऑक्सिडंट क्षमता सिद्ध" असे लिहिलेले असते तेव्हा बहुधा डीपीपीएच नावाची चाचणी केलेली असते. डीपीपीएच हा प्रयोगशाळेत बनवलेला, टिकाऊ असा फ्री रॅडिकल आहे. फ्री रॅडिकल म्हणजे ज्याच्याकडे एक इलेक्ट्रॉन बिनजोडीचा राहिला आहे असा रेणू. तो जोडी पूर्ण करायला शेजारच्या रेणूकडून इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन ओढून घेतो. डीपीपीएच मिथेनॉलमध्ये विरघळवला की गडद जांभळा दिसतो. त्यात अँटिऑक्सिडंट घातले की ते आपला हायड्रोजन देऊन टाकते आणि जांभळा रंग फिकट होत पिवळा पडतो. नळी साधारण अर्धा तास अंधारात ठेवून यंत्राने ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीवर रंग किती उतरला ते मोजतात.

निकाल "आयसी ५०" या आकड्यात देतात. निम्मा रंग घालवायला किती द्रव्य लागले, तो हा आकडा. म्हणून तो जितका कमी तितके अँटिऑक्सिडंट जोरदार. जाहिरातीत मोठ्या आकड्यांची सवय लागलेल्या आपल्याला हे उलटे वाटते. तुलनेसाठी सोबत क जीवनसत्त्व ठेवतात.

चाचणी चांगली आहे. स्वस्त आहे, झटपट होते, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही जमते. दहा नळ्यांपैकी कोणत्या नळीतले द्रव्य पुढे तपासायचे हे ठरवायला ती फार उपयोगी पडते. पण हा रंग तुमचा रोजचा चहाही उतरवतो. कॉफी, आवळा, डाळिंबाची सालसुद्धा उतरवते.

शिवाय ज्या द्रव्याला अर्जुनाचे नाव मिळाले, त्या अर्जुनोलिक आम्लाच्या रेणूत टॅनिनसारखे फिनॉलचे गट नसतात. जांभळा रंग घालवण्याचे मुख्य काम टॅनिन आणि फ्लॅव्होनॉइड करतात. म्हणजे चाचणीत पहिले येणारे द्रव्य आणि औषध म्हणून उपयोगी पडू शकेल असे द्रव्य एकच असेल असे नाही.

काचेची नळी आणि तुमचे शरीर

तुमच्या शरीरात डीपीपीएच नसतो. पोट, आतडे, यकृत आणि मूत्रपिंड मात्र असतात, आणि त्या नळीत यातले काहीच नसते.

एक हिशेब करून पाहू. समजा, एखाद्या द्रव्याचा आयसी ५० दर मिलीलिटरला २० मायक्रोग्रॅम आला. तुमच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त आहे. तेवढीच पातळी रक्तात आणायची तर १०० मिलीग्रॅम शुद्ध द्रव्य एका वेळी नुसत्या रक्तात असायला हवे. पण टॅनिनचे रेणू मोठे असतात, आतड्यातून ते जसेच्या तसे फारसे शोषले जात नाहीत. आतड्यातले जिवाणू त्यांचे तुकडे करून वेगळीच द्रव्ये बनवतात. जे थोडे शोषले जाते त्याला यकृत लगेच दुसरे रासायनिक गट जोडते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. नळीतला निकाल रक्तात तसाच उतरत नाही तो यामुळे.

दुसरी गोष्ट, फ्री रॅडिकल हे सगळे शत्रू नव्हेत. तुमच्या पांढऱ्या पेशी जंतूंना मारायला तेच वापरतात. पेशींमधले कितीतरी निरोप त्यांच्यामार्फत जातात. ते सरसकट पुसून टाकणे फायद्याचे ठरेलच असे नाही.

हे नुसते तर्क नाहीत, किंमत मोजून शिकलेला धडा आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. बीटा कॅरोटिन हे अँटिऑक्सिडंट देऊन फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो का, ते पाहायचे होते. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला. अमेरिकेतली तशीच दुसरी चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली, कारण तिथेही कर्करोग वाढलेला दिसत होता. पुढे ३५ हजारांहून अधिक पुरुषांच्या एका चाचणीत ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के जास्त आढळला. ही सगळी द्रव्ये प्रयोगशाळेत उत्तम अँटिऑक्सिडंट होती.

अमेरिकेच्या कृषी विभागाने खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची एक मोठी यादी संकेतस्थळावर ठेवली होती. २०१२ मध्ये त्यांनी ती काढून टाकली. नळीतल्या आकड्यांवरून माणसाच्या शरीरातला परिणाम सांगता येत नाही आणि कंपन्या ते आकडे जाहिरातीसाठी वापरतात, हे कारण त्यांनी दिले होते.

अर्जुनाची माणसांवर चाचणी झाली आहे का?

झाली आहे, आणि हे अर्जुनाच्या बाजूने सांगायला हवे. बऱ्याच वनस्पती नळीच्या आणि उंदराच्या पुढे जातच नाहीत.

१९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हृदय अतिशय कमजोर झालेल्या १२ रुग्णांना नेहमीच्या औषधांसोबत सालीचा अर्क ५०० मिलीग्रॅम दर ८ तासांनी दिला. त्यांची लक्षणे आणि हृदयाची मोजमापे सुधारली. निकाल उत्साह वाढवणारा, पण रुग्ण फक्त १२. २००१ मध्ये १०५ हृदयरुग्णांच्या अभ्यासात रोज ५०० मिलीग्रॅम चूर्णाने महिन्याभरात एलडीएल कोलेस्टेरॉल सरासरी सुमारे १६ टक्के उतरले. हेही बरेच आहे. मात्र स्टॅटिनच्या नेहमीच्या मात्रेने ते ३० ते ५० टक्के उतरते.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो दिल्लीच्या एम्समधला अभ्यास, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला. पंपिंग ४० टक्के किंवा त्याहून कमी असलेले १०० रुग्ण घेतले. त्यांची नेहमीची औषधे चालूच ठेवली. निम्म्यांना अर्जुनाच्या सालीचा पाण्यातला अर्क ७५० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा दिला, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली कॅप्सूल. कोणाला काय मिळतेय हे रुग्णालाही माहीत नव्हते आणि डॉक्टरांनाही. बारा आठवड्यांनी अर्जुन घेणाऱ्या काही रुग्णांत चालण्याची क्षमता आणि लक्षणे थोडी सुधारली होती, रक्तातली अँटिऑक्सिडंट मोजमापेही सुधारली होती. पण हृदयाचे पंपिंग सुधारले नाही.

म्हणजे डब्यावरचे "अँटिऑक्सिडंट" हे वाक्य रुग्णाच्या रक्तातही काही अंशी खरे ठरले आणि तरीही टू-डी एकोवरचा आकडा हलला नाही. नेहमीच्या औषधांच्या जागी अर्जुन घ्यावा असे या अभ्यासातून निघत नाही. जोडीला घेतल्यास काहींना थोडे बरे वाटू शकते, इतकेच निघते.

सालीतून खरे औषध निघते तेव्हा

सालीला मी कमी लेखतोय असे वाटू नये. १८२० मध्ये पेलेतिए आणि काव्हाँतू या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी सिंकोना झाडाच्या सालीतून क्विनीन वेगळे केले आणि मलेरियावर मोजून देता येईल असे औषध मिळाले. पॅक्लिटॅक्सेल हे केमोथेरपीचे औषध पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतले. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगात ते आज आपल्याकडेही सर्रास वापरतात. ते शोधणाऱ्या दोघांपैकी एक, डॉ. मनसुख वाणी, आपल्या नंदुरबारचे. मुंबई विद्यापीठात शिकून ते अमेरिकेत गेले आणि तिथे मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी हे काम केले. सुमारे १२ किलो वाळलेल्या सालीतून त्यांच्या हाती अर्धा ग्रॅम द्रव्य आले. साल गोळा झाली १९६२ मध्ये, रचना प्रसिद्ध झाली १९७१ मध्ये आणि अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली १९९२ मध्ये. तीस वर्षे.

यातले कोणतेही औषध अँटिऑक्सिडंट म्हणून निवडले गेले नाही. क्विनीन मलेरियाच्या परजीवीला मारते, पॅक्लिटॅक्सेल पेशींचे विभाजन थांबवते. दोन्हींचे दुष्परिणाम जबर आहेत, म्हणून मात्रा मोजून आणि लक्ष ठेवून द्यावी लागतात. झाडापासून आले म्हणून निर्धोक, हे समीकरण इथे कुठेच लागू पडत नाही.

तुम्ही अर्जुन घेत असाल किंवा घ्यायचा विचार करत असाल तर

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट: चालू गोळी बंद करू नका. स्टेंट बसवल्यावर अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारख्या गोळ्या मध्येच थांबवल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन अचानक झटका येऊ शकतो. बीपीच्या आणि पंपिंगच्या गोळ्यांचेही तसेच.

दुसरी गोष्ट, घेत असाल तर सांगा. डॉक्टर रागावतील म्हणून पुष्कळ रुग्ण लपवतात. खरे सांगायचे तर आमच्यातले काही रागावतातही, आणि ती चूक आमची आहे. डबा सोबत आणा. वैद्यांकडून घेत असाल तर त्यांना तुमच्या गोळ्यांची यादी द्या आणि मला त्यांची चिठ्ठी दाखवा.

वॉरफेरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम चालू असेल तर विचारल्याशिवाय अर्जुन सुरू करू नका. यकृतातली जी एन्झाइम औषधे मोडतात, त्यांतल्या काहींना अर्जुनाचा अर्क प्रयोगशाळेत अडवतो असे दिसले आहे आणि वॉरफेरिन त्याच वाटेने शरीराबाहेर जाते. झडप बदललेल्या रुग्णाचा आयएनआर थोडा वरखाली झाला तरी महागात पडते. घेतच असाल तर आयएनआर लवकर तपासून घ्या. इथे मला एक गोष्ट खटकते: जी चाचणी औषधाच्या बाजूने आहे ती डब्यावर ठळक छापतात आणि जी सावधगिरीची आहे ती छापत नाहीत.

लोहाची गोळी आणि सालीचा काढा एकत्र घेऊ नका, टॅनिन लोह धरून ठेवते. मध्ये किमान दोन तास ठेवा. हाच नियम चहालाही लागू आहे. काहींना काढ्याने बद्धकोष्ठ होते, तेही याच तुरट गुणामुळे. गरोदर असाल, अंगावर पाजत असाल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तर स्वतःहून घेऊ नका. केमो किंवा रेडिएशन चालू असेल तर कोणतेही अँटिऑक्सिडंट चूर्ण किंवा कॅप्सूल कर्करोगतज्ज्ञांना विचारूनच, कारण हे उपचार काही अंशी फ्री रॅडिकल तयार करूनच कर्करोगाच्या पेशी मारतात. रोजच्या जेवणातली फळे, भाज्या, आवळा यांना ही बंधने नाहीत.

रस्त्याकडेच्या झाडाची साल खरवडून आणू नका. ते झाड अर्जुनाचेच आहे याची खात्री नसते, वाहनांच्या धुराची धूळ सालीवर बसलेली असते आणि गोल साल काढली तर झाडही मरते. विकत घेताना सीलबंद, परवाना क्रमांक आणि तारीख असलेलेच घ्या.

लगेच रुग्णालयात कधी जायचे?

छातीत दाब किंवा दुखणे १० मिनिटांत थांबले नाही, दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे जाऊ लागले, घाम फुटला, शुद्ध हरपल्यासारखे झाले, तर काढा करत बसू नका, १०८ ला फोन करा. पंपिंग कमी असलेल्या रुग्णाने रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करावे. दोन-तीन दिवसांत २ किलोने वाढले, पाय सुजले, किंवा रात्री दोन उशा घेऊनही धाप लागू लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि गेल्या महिन्यात कोणती गोळी थांबवली किंवा नवीन काय सुरू केले ते आधी सांगा.